आठ टीबीची वाटणी

वारूळवाडीत रखमाजी तात्यांच्या तावडीत सापडलेला माणूस दोन गोष्टी ऐकल्याशिवाय सुटत नसे. एक, यंदा टोमॅटोला काय भाव लागला. आणि दुसरी, त्यांच्या घरात अजून वाटणी झालेली नाही. "दोन पोरं, दोन सुना, अन् चूल एक," असं ते अशा थाटात सांगायचे, की ती चूल रोज सकाळी तेच पेटवतात असं ऐकणाऱ्याला वाटावं. चूल म्हणजे गॅसची शेगडी होती, आणि तिच्या आसपास तात्या आयुष्यात कधी फिरकले नव्हते, हा भाग वेगळा.

भावकीत घराघरांतून मधे भिंती उभ्या राहिल्या, विजेचे मीटर वेगळे झाले, एकाच विहिरीवर तीन-तीन मोटारी बसल्या. तात्या हे सगळं पाहून हळहळायचे. हळहळताना त्यांचा चेहरा फार समाधानी दिसायचा.

त्या वर्षी टोमॅटोने हात दिला आणि घरात कॉम्प्युटर आला. कारण घरातल्या प्रत्येकाचा मोबाइल गळ्यापर्यंत भरला होता. थोरला गोरख बैलगाड्यांचा शौकीन. कुठल्याही गावची जत्रा असो, हा घाटात उभा राहून शर्यतीचं शूटिंग करणार, वर दुसऱ्याच्या ड्रोनचंही मागून आणणार. त्याची बायको प्रतिभा लेकीच्या, समृद्धीच्या लग्नाचा व्हिडिओ तीन ठिकाणी ठेवून होती, कारण एका ठिकाणावर तिचा विश्वास नव्हता. धाकटा भरत मंचरच्या एका पतसंस्थेत नोकरीला, आणि त्याची बायको हर्षाली रेसिपींचं चॅनल चालवायची. एकेका मासवडीचं ती तीन बाजूंनी शूटिंग करी. मासवडी चौथ्या बाजूने कशी दिसते एवढंच काय ते जगाला कळायचं राहिलं होतं.

नारायणगावात कॉम्प्युटरचं दुकान असलेला धम्मपाल मशीन बसवायला आला. आठ टीबीची हार्ड डिस्क होती. "तात्या, आख्ख्या वारूळवाडीचे फोटो मावतील," तो म्हणाला, आणि बोलता बोलता त्याने सहज विचारलं, "पार्टिशन किती करू?"

तात्या खुर्चीतून उठलेच. निम्मी भावकी पार्टिशनच्या दाव्यापायी जुन्नरच्या कोर्टात चपला झिजवत होती. हा शब्द त्यांना चांगला ठाऊक होता.

"पार्टिशन? माझ्या घरात? कुनी सांगितलं तुला?"

"डिस्कचं म्हनतोय मी, तात्या. भाग पाडलं की सोपं जातं."

"सगळे असंच म्हनत्यात, सोपं जातं. एक ठेव!"

धम्मपालने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्याने आठ टीबी अखंड ठेवली, आणि तात्यांनी संध्याकाळी दूध डेअरीवर जाऊन ती बातमीही सांगून घेतली.

आता एवढी मोकळी जागा शेतकऱ्याच्या घरात पडीक कशी राहणार? सगळ्यांनी मिळून पेरणी सुरू केली. जत्रा आल्या, मासवड्या आल्या, समृद्धीचं लग्न तीनदा लागलं. शुभ सकाळ म्हणणारी गुलाबाची फुलं आली, ज्याच्या-त्याच्या वाढदिवसाचे फलक आले. खिशात चुकून चालू राहिलेल्या कॅमेऱ्याने घेतलेला अर्ध्या तासाचा अंधारही आला. तो पुसावा असं कुणाला वाटलं नाही. जागा होती ना! 'न्यू फोल्डर'मध्ये 'न्यू फोल्डर', त्याच्या आत 'महत्त्वाचे', आणि 'महत्त्वाचे'मध्ये पतसंस्थेच्या सहलीत काढलेला भरतचा एक पाय.

एकदा तात्यांची बायको ठकूबाई म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा फोटो काढला व्हता ना, तेवढा दाव की रं." गोरखने जेवणाची वेळ होईपर्यंत शोधला. फोटो काही सापडला नाही, बैल मात्र पुष्कळ सापडले. "हाय त्याच्यात, आई," तो म्हणाला. "कुठं जातोय?"

डिस्कचा जेमतेम आठवा भाग भरला होता. साफसफाई करायचं काही कारण नव्हतं. तरी एका दुपारी हर्षालीला आवराआवरीची लहर आली, आणि तिने नाव नसलेलं एक फोल्डर पुसून टाकलं. त्यात पाखऱ्याची शर्यत होती. गोरखचा हा बैल ज्या दिवशी 'घाटाचा राजा' ठरला, त्या दिवसाचं सगळं शूटिंग त्यात होतं. पाखऱ्या मागच्या पोळ्याच्या आधीच गेला होता, आणि आता दुसऱ्यांदा गेला. गोरख त्या दिवशी जेवला नाही.

"उद्या माझ्या लेकीचं लगीन पन पुसंल ही," प्रतिभा म्हणाली.

"फोल्डरला नाव द्यायचं ना मग. मला काय स्वप्न पडतंय?" हर्षाली म्हणाली.

"तुझ्या मासवड्यांनी जागा खाल्लीया सगळी!"

"आणि वहिनी, तुमचं लग्न तीन-तीनदा कशाला लागतं?"

जमिनीवरून ज्या घरात कधी आवाज चढला नाही, तिथे सात टीबी मोकळ्या असताना जागेवरून भांडण लागलं. तात्यांची लाडकी चूल एकच राहिली. पण एकीचा चहा उतरल्याशिवाय दुसरी स्वयंपाकघरात पाऊल टाकीना. भाऊ एकमेकांशी पोरांमार्फत बोलू लागले.

शेवटी भरतनेच धम्मपालला बोलावून घेतलं. तात्या बाहेर गोठ्याकडे तोंड करून बसले. आतून त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि ऐकू येत नाही असं ते दाखवत होते. गोरखला एक भाग मिळाला, भरतला एक मिळाला, दोघांनी दोन पासवर्ड घातले.

"तात्या-आईचे फोटो घावलेत हितं," धम्मपाल म्हणाला. "कुनाकडं टाकू?"

"भरतकडं टाक. शिकल्याला हाय, जपून ठेवील," गोरख म्हणाला.

"छे, छे. दादाकडेच शोभतील. थोरला आहे तो," भरत म्हणाला.

इतका मान दोघा भावांनी एकमेकांना बऱ्याच दिवसांत दिला नव्हता.

"भांडू नका राव," धम्मपाल म्हणाला. "दोनीकडं कॉपी टाकतो. जागेला काय तोटा हाय?"

आणि खरोखर घरात शांतता आली. जावा एकमेकींना वाटीभर भाजी देऊ लागल्या. हर्षालीने मोठ्या जावेला चॅनलवर बोलावून तिच्याकडून शेंगोळी करून घेतली. तात्यांना वाटलं, सुटलो बुवा. चार दिवस ते डेअरीवर पुन्हा मोठ्याने बोलू लागले.

मग एका संध्याकाळी दोघं पोरं समोर येऊन बसली. बोलायला सुरुवात भरतने केली. पतसंस्थेत गिऱ्हाईकाला गोड बोलून बसवायचा त्याला सराव होता.

"तात्या, बघा ना, डिस्कचं किती छान झालं. कुणाचा कुणाला त्रास नाही. तसंच आपण शेताचं केलं तर?"

तात्या जमिनीकडे पाहत राहिले. भरतने सगळं ठरवूनच आणलं होतं. रस्त्याकडचं रान गोरखला, ओढ्याकडचं त्याला. मंचरला त्याने फ्लॅट पाहून ठेवला होता. "आई आमच्याकडे येईल. हर्षालीला रेसिपींना मदत होईल, लोकांना जुन्या हाताची चव आवडते. तुम्ही दादाकडे राहा, शेतावर लक्ष ठेवायला."

तात्यांच्या तोंडाकडे पाहून गोरखला वाटलं, मामला बिघडतोय. तो पुढे सरकला.

"भायेर कुनाला सांगायचं न्हाई, तात्या. सातबारा तुमच्याच नावावर असू द्या. कुनी इचारलं तर एकत्रच हाय म्हनायचं. तुमचा शब्द खाली पडनार न्हाई."

सांगताना वाईट वाटतं, पण सांगायलाच हवं: तात्यांची मान हलली. होकारार्थी हलली. पोरं बोलत होती तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा डेअरीचा कट्टा आला. ठकूबाईंचा चेहरा नंतर आला.

ठकूबाई उंबऱ्याशी मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली.

"मान हालली तुमची," त्या म्हणाल्या.

"अगं, म्हंजे मी..."

"मी बगितली. पन्नास वरसं एका घरात काढली, अन् आता मला मासवड्या थापायला मंचरला धाडताय. कशापायी? डेअरीवर मिशीला पीळ देता यावा म्हनून?" आवाज चढला नव्हता, त्यामुळे तात्यांना जास्त भीती वाटली. त्या पोरांकडे वळल्या. "वाटणी करायची ना? करा. पन भाग तीन पाडा. पयला आमचा. जमीन ह्यांच्या नावावर हाय अन् मी ह्यांची बायकू हाय. इहिरीजवळचं रान आमचं, पडवीतली खोली आमची. उरंल ते तुमी दोघं घ्या."

"आई, अगं लोक काय म्हणतील?" भरत म्हणाला.

"लोकांना मी सांगते."

आणि सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन त्या स्वतः डेअरीवर गेल्या, आणि ज्या एका गोष्टीवर तात्यांनी जन्मभर मान ताठ ठेवली होती, ती दुधाबरोबर तिथे ओतून आल्या. दुपारपर्यंत पार बेल्ह्याच्या पाहुण्यांचे फोन आले.

पडवीतल्या खोलीत नवी शेगडी आली. ठकूबाई दोघांचा स्वयंपाक करायच्या, तात्यांपुढे ताट सरकवायच्या आणि पाठ फिरवून जेवायच्या. बोलायच्या नाहीत. तात्यांनी डेअरीकडे जाणं सोडलं. लोकांना तोंड कसं दाखवायचं, असं आधी दोन-तीन दिवस त्यांना वाटलं. मग हळूहळू ध्यानात आलं की लाज लोकांची वाटतच नाहीये. घर फुटलं त्याचं दुःख होतं, पण ते सोसत होतं. सोसत नव्हती ती हललेली मान.

एका सोमवारी ठकूबाईंनी किटली उचलली, तेव्हा तात्यांनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि पुढे चालू लागले. डेअरीवर नेहमीची मंडळी होती. तात्यांना पाहून गप्पा थांबल्या. भिमाजी मात्र मागे हटणारा नव्हता. इतकी वर्षं एका चुलीचं कीर्तन सगळ्यात जास्त त्यानेच ऐकलं होतं.

"काय तात्या," तो म्हणाला, "वाटणी झाली म्हनं?"

तात्यांनी मागे वळून पाहिलं. मागून येणाऱ्या ठकूबाई डेअरीच्या दाराशी पोहोचल्या होत्या.

"झाली," तात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी हिच्या वाट्याला आलो."