शिवणबाईंचा विमा

शिवणबाईंचा आरोग्य विमा काढायचं ठरलं आणि घरात नुसता गोंधळ उडाला. बाईंना विमा नको होता अशातला भाग नाही. त्यांना तो घासाघीस करून हवा होता. जन्मभर पोरीबाळींना शिवण शिकवलेल्या या बाईंनी कापड कधी पहिल्या दुकानात घेतलं नव्हतं, मग विमा कसा घेणार?

घरात माणसं तीन. बाई, चष्म्याचं दुकान चालवणारे त्यांचे जावईबापू आणि जावयाची दुसरी बायको. तिला सगळी गल्ली धाकटी म्हणे. बाईंची लेक आजारात गेल्यावर जावयाला पुन्हा लग्नासाठी बाईंनीच भरीस पाडलं होतं. धाकटी आली, गुणी निघाली, पण तिला म्हणायचं काय हा पेच सुटेना. लेक म्हणायला जीभ वळत नव्हती आणि सून म्हणावं तर बाईंना मुलगाच नव्हता. धाकटीने आल्या आल्या एकदा 'आई' अशी हाक मारली, तर बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेव्हापासून एक 'अगं' म्हणे, दुसरी 'अहो', आणि संसार त्यावरच चालला होता.

आधी तिघंही दुकानात असताना एजंट येऊन बसला. सगळ्या कुटुंबाची एकच पॉलिसी घ्या, स्वस्त पडेल, म्हणाला.

"दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू एकदम काढले तर एकावर सूट आहे का?" बाईंनी विचारलं.

एजंट हसला. "या तुमच्या सासूबाई ना? म्हणजे वहिनींच्या आई."

"नाही," तिघंही एकदम म्हणाली.

जावयाने सगळं समजावून सांगितलं. एजंटने आवाज खाली आणला. "वहिनींच्या आई असंच लिहून टाकू. कोण बघतंय?"

"पैसे द्यायची वेळ आली की तुमचेच लोक बघतील," धाकटी म्हणाली आणि त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं.

मग बँक. तिथल्या काउंटरवरच्या बाईने मान हलवली. पहिल्या बायकोची आई कुटुंबात बसत नाही म्हणाली. "मी तर चांगली ऐसपैस बसलेय," खुर्चीतून शिवणबाई म्हणाल्या. हसलं कुणीच नाही.

शेवटी धाकटीने मोबाइलवर दहा कंपन्या पालथ्या घातल्या. "तुमची वेगळी काढावी लागेल," ती म्हणाली. "फक्त तुमच्या नावाने."

वेगळी हा शब्द बाईंच्या जिव्हारी लागला. आज पॉलिसी वेगळी, उद्या चूल वेगळी. या दोघांना पुढे मूलबाळ होईल, भरलं घर होईल, त्यात आपण कोण? बाईंना मनापासून भीती वाटली. पण त्या 'बरं' एवढंच म्हणाल्या.

अर्ज भरला आणि कंपनीतून एका मुलीचा फोन आला. धाकटीने फोन स्पीकरवर टाकून दोघींच्या मध्ये ठेवला.

"काही आजार, आजी?"

"छे! ठणठणीत आहे मी," बाई म्हणाल्या.

"थांबा हं," धाकटी मध्येच बोलली. "शुगर आहे. गोळी घेतात, पण मी कपडे वाळत घालायला गेले की साखरेचा डबा उघडतात. डावा गुडघा दुखतो. तोंडाने सांगत नाहीत, पण त्या दिवशी भांडी आदळतात. जिना चढताना दम लागतो, मग कुंड्यांतली फुलं बघतेय असं दाखवत उभ्या राहतात."

बाईंचे कान लाल झाले. आपलं हे सगळं कुणी इतकं निरखून पाहत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "अगं, हप्ता वाढेल ना!" त्या कुजबुजल्या.

"वाढू दे. ऐन वेळी कंपनीने हात वर केले तर तुम्हाला घेऊन मी कुठे जाऊ?" धाकटी म्हणाली.

पलीकडच्या मुलीने विचारलं, "आपण कोण बोलताय? आजींशी नातं काय?"

धाकटीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी फोन आपल्याकडे ओढला.

"माझी आहे ती," त्या म्हणाल्या.

"हो, पण नातं काय लिहू?"

"तेच लिही. माझी. आणि पुढचं काय ते तिलाच विचार, तिला सगळं ठाऊक आहे."