विक्रीचं पत्र

कुणाकडे काही मागायची वेळ आली की सावळीरामांच्या घशाला कोरड पडे. निफाडच्या कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं, पण ‘हे पुस्तक ने’ असं एकाही विद्यार्थ्याला तोंडानं म्हणाले नाहीत. एखादं पुस्तक फारच आवडलं तर ते काउंटरवर उघडं ठेवायचे आणि स्वतः मागच्या कपाटांत काही शोधत असल्यासारखे उभे राहायचे. कुणी ते उचललं तर दिवस सोन्याचा. नाही उचललं तर संध्याकाळी गुपचूप परत फळीवर.

अशा माणसाकडे त्यांच्या मुलीनं, सृष्टीनं, धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम सोपवलं होतं.

सृष्टी शेतकी कॉलेजात शिकलेली. मखमलाबादच्या बाजूला भाड्याच्या जागेवर हिरव्या जाळीखाली तिची रोपवाटिका होती. शहरातल्या लोकांनी गच्चीवर भाजी पिकवावी, त्यासाठी ती एक पेटी तयार करायची. पालक, मेथी, मुळा, टोमॅटो अशी आठ पाकिटं आणि प्रत्येकात एका गच्चीपुरतंच बी. ही थंडीची पेटी विकायची कशी, यावर तिनं उन्हाळाभर विचार केला आणि ईमेलचा मार्ग धरला. वेबसाइटवर ज्यानं नाव नोंदवलं, त्याला त्या दिवसापासून दर चार दिवसांनी एकेक पत्र आपोआप जाणार. जूनमध्ये आलेल्याला जूनमध्ये पहिलं, काल आलेल्याला काल पहिलं. पत्रांची रांग सगळ्यांसाठी एकच, पण प्रत्येक जण आपापल्या पायरीवर.

पत्रं लिहायची सावळीरामांनी. सृष्टीनं स्वतः लिहून पाहिली होती, पण ती खताच्या पोत्यावरच्या सूचनांसारखी झाली होती.

वाद झाला तो एकाच गोष्टीवरून. सृष्टीचं म्हणणं, पहिल्याच पत्रात पेटीचं सांगून टाकू, कारण पहिलं पत्र सगळे उघडतात. सावळीरामांना ते पटेना. माणूस नुकता उंबऱ्यात आलाय, त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही आणि पेटी घेता का म्हणायचं? शेवटी तडजोड झाली. तीन पत्रं नुसती बागेची, चौथं विक्रीचं. त्या चौथ्या पत्राचा मजकूर सृष्टीनंच लिहून ठेवला, रांगेत लावला, पासवर्ड वडलांना दिला आणि ती रोपांच्या मागे लागली.

पुढचे चार महिने सावळीराम खोलीतल्या खिडकीशी बसून पत्रं लिहीत होते. मातीला हात लावल्यावर ती कशी बोलते. दुधी भोपळ्याचं फूल संध्याकाळी का उमलतं. मुंग्या दिसल्या तर घाबरायचं केव्हा आणि केव्हा नाही. प्रत्येक पत्र चारदा खोडायचं, पाचव्यांदा लिहायचं आणि तरीही वाटायचं, कोण वाचणार हे?

ऑगस्टच्या शेवटी सृष्टीनं घरात सांगितलं की हैदराबादच्या एका बियाणे कंपनीनं तिला नोकरी देऊ केली आहे. पेट्या ओळखीपाळखीतल्या दोन-चार गेल्या होत्या, बस. सप्टेंबरअखेरपर्यंत वाट बघायची, नाही तर जाळी गुंडाळायची. थंडीच्या भाजीची पेरणी काही तिच्यासाठी थांबणार नव्हती. सप्टेंबर संपत आला आणि आता कंपनीला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

यशोदाबाईंनी, म्हणजे सृष्टीच्या आईनं, तिची मोठी बॅग माळ्यावरून काढून गच्चीत उन्हाला ठेवली. सावळीराम दिवसातून तीनदा गच्चीवर जात आणि त्या बॅगेकडे न बघता खाली येत.

शनिवारी सकाळी सृष्टी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत आली. सगळं बंद करण्याआधी एकदा हिशेब बघू म्हणाली, विक्रीचं पत्र किती जणांनी उघडलं आणि किती जणांनी न घेता मिटलं. म्हणजे निदान चूक कुठे झाली ते कळेल. तिनं रांग उघडली. बोटानं खाली खाली जात राहिली. आणि थांबली.

“पप्पा, विक्रीचं पत्र एकतिसाव्या नंबरवर काय करतंय?”

सावळीराम चष्मा पुसू लागले.

“आणि हे बघा. पाठवलं किती जणांना, शून्य.”

मग त्यांना सांगावंच लागलं. चौथं पत्र जवळ आलं तेव्हा वाटलं, अजून मातीचं नीट सांगितलेलं नाही, एक पत्र मध्ये घालू. मग वाटलं, पाण्याचं राहिलं. मग उन्हाचं. दर वेळी एकच पत्र, त्याहून जास्त नाही. विक्रीचं पत्र कधी काढलं नव्हतं, ते आपलं पुढं सरकत राहिलं. जूनमध्ये आलेली माणसं आज अठ्ठाविसाव्या पत्रापर्यंत पोचली होती आणि त्यांच्यापुढे आणखी दोन पत्रं लावून ठेवलेली होती. इतक्या महिन्यांत, इतक्या माणसांना, पेटी घ्या असं कुणी म्हटलंच नव्हतं.

सृष्टी रागावली असती तर बरं झालं असतं. ती मधली पत्रं एकेक उघडून बघू लागली. दारात उभ्या असलेल्या यशोदाबाईच बोलल्या. “माझ्या बापाकडंबी हे असंच बसून व्हते. चार वेळा येऊन पावसापाण्याचं बोलून गेले. पाचव्या वेळेला माझ्या भावानंच विचारलं, पाव्हणं, पोरगी बघायला आलात का?”

एरवी यावर घर हसलं असतं. आज कुणी हसलं नाही.

मान खाली घालून सावळीरामांनी विचारलं, ही पत्रं निदान कुणी वाचली का. सृष्टीनं आकड्यांचं पान उघडून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. तेराशे चाळीस माणसं. दुधीच्या फुलाचं पत्र नऊशे बावीस जणांनी उघडलेलं, कित्येकांनी दोनदा. गावांची यादी त्यांनी बोट ठेवून वाचली. सिन्नर, येवला, धुळे, ठाणे, बेळगाव आणि एक कुणीतरी दुबईहून. नऊशे बावीस म्हणजे किती, हे त्यांना समजेना. कॉलेजच्या वाचनकक्षात साठ खुर्च्या होत्या आणि परीक्षेच्या दिवसांतसुद्धा त्या कधी सगळ्या भरल्या नव्हत्या. तसे पंधरा वाचनकक्ष गच्च भरून लोक त्यांचं भोपळ्याचं फूल वाचत होते आणि ते इथे खिडकीशी बसून, कोण वाचणार म्हणत होते. अंगावर काटा आला. त्यांनी बाही खाली ओढून घेतली.

“यांनी उत्तरं कुठे लिहायची?” त्यांनी विचारलं.

सृष्टीनं पत्रांची सेटिंग्ज उघडून पाहिली. मग तिच्या लक्षात आलं. उत्तरं जायची ती रोपवाटिकेच्या जुन्या पत्त्यावर. तो पत्ता जाहिरातींनी तुंबला म्हणून तिनं उघडायचाच सोडला होता. म्हणजे चूक एकट्या पप्पांची नव्हती. तिनं तो उघडला. जाहिराती बाजूला काढता काढता खालून माणसांची नावं वर येऊ लागली. एक, दहा, पन्नास. शेवटी मोजली तेव्हा दोनशे बारा पत्रं होती, एकही उघडलेलं नव्हतं.

दुपारच्या जेवणापर्यंत सावळीराम वाचत राहिले. कुणी मुळ्याचा फोटो पाठवला होता. कुणी लिहिलं होतं की नवरा गेल्यापासून गच्चीवर गेले नव्हते, तुमच्या तिसऱ्या पत्रानंतर गेले. एकानं मुंग्यांच्या पत्रातली चूक दाखवली होती आणि ती खरंच चूक होती. इतकी माणसं आपल्याशी बोलत होती आणि आपल्याला ऐकू आलं नाही, हे पचवायला ते मधून मधून उठून खिडकीशी जात.

आणि मग कळवणच्या वत्सलाबाईंचं पत्र आलं. दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त. जुलैत लिहिलेलं होतं.

“तुमचं सहावं पत्र वाचून बारा पिशव्या भरल्या. माती तुम्ही सांगितली तशी केली, आठवडाभर ओली ठेवली. आता थंडीच्या भाजीचं बी कुणाकडून घ्यायचं ते तुम्ही सांगितलं नाही. इथं दुकानात एकरभर पेरायचं पाकीट मिळतं, मला बारा पिशव्यांपुरतं हवं. तुमची रोपवाटिका आहे असं नातीनं शोधून सांगितलं. पण तुम्ही कधी विचारलं नाही, तेव्हा वाटलं की तुमचं बी मोठ्या बागवाल्यांसाठी असेल, आमच्यासारख्यांसाठी नसेल. तसं असलं तरी राग नाही. पत्रं पाठवत राहा.”

सावळीरामांनी ते दोनदा वाचलं. मग लॅपटॉप हळूच पुढे सरकवला.

निफाडजवळच्या त्यांच्या गावात लग्नाचं बोलावणं घेऊन माणूस घरोघर फिरायचा. हळदीकुंकवाचं ताट हातात, प्रत्येक दाराशी थांबायचा. गल्लीच्या टोकाला पिंपळापाशी यायचा आणि तिथून मागे वळायचा. पलीकडे सावळीरामांची वस्ती होती. सात-आठ वर्षांचा सावळीराम दारात उभा राहून ते बघायचा. पुढं मोठेपणी, नोकरीला लागल्यावर, त्याच गावच्या एका भल्या माणसाला त्यांनी धीर करून विचारलं होतं, तेव्हा आम्हाला का बोलावत नव्हता? तो माणूस ओशाळून म्हणाला होता, तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल असं वाटायचं.

समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. हेच तर चार महिने ते स्वतःला सांगत आले होते.

त्यांनी सृष्टीला हाक मारली. ती आली तेव्हा ते कागदावर रेघा मारत होते. बी कुठे मिळेल असं विचारणारी पत्रं त्यांनी वेगळी काढली होती. त्रेसष्ट निघाली. त्यातल्या प्रत्येकानं ते कितव्या पत्राला उत्तर म्हणून विचारलं, ते त्यांनी मांडलं होतं. पहिल्या चार पत्रांना मिळून दोन. पाचव्याला सात. आणि सहाव्याला, जिथे पिशव्या भरून माती तयार होते तिथे, एकेचाळीस. पुढच्या सगळ्या पत्रांना मिळून तेरा. पुढचे बहुधा वाट बघून गप्प झाले असावेत.

सृष्टी त्या रेघांकडे कितीतरी वेळ बघत राहिली. पहिल्या पत्रात विकायचं की चौथ्या, यावर ते बापलेक उन्हाळ्यात तासन् तास भांडले होते. उत्तर कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ते कळवणला, सिन्नरला, कुणाच्या तरी गच्चीवर भरून ठेवलेल्या पिशव्यांत होतं.

“म्हणजे मीपण चूक आणि तुम्हीपण,” ती म्हणाली.

“मी जास्त,” सावळीराम म्हणाले.

विक्रीचं पत्र सहाव्याच्या लगेच पाठीशी लावायचं ठरलं. ज्यांची माती अजून तयार नाही त्यांना ते त्यांच्या वेळेला जाईल. जे पुढे निघून गेलेत त्यांना आजच. आणि पहिल्या पत्राच्या शेवटी सावळीरामांनी स्वतःहून एक ओळ घातली, की आम्ही बी विकतो आणि तुमची माती तयार होईल तेव्हा विचारू. ही ओळ लिहायला त्यांना पाऊण तास लागला.

सृष्टीनं लिहून ठेवलेलं विक्रीचं पत्र मात्र त्यांनी बाजूला सारलं आणि नवं लिहिलं. लहानच होतं. तुमच्या पिशव्या भरल्या असतील. त्यांत पेरायचं बी आमच्याकडे आहे, एका गच्चीपुरतं. हे आम्ही तुम्हाला आधीच विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ही चूक आमची. पेटी घ्याल का?

‘घ्याल का’ पाशी हात थांबला. सृष्टी खुर्चीमागे उभी होती, पण तिनं त्यांच्या हातून माउस घेतला नाही. बटण त्यांनीच दाबलं. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेले कप पुन्हा धुवू लागले. यशोदाबाईंनी त्यांच्या हातून कप काढून घेतला आणि मानेनं, जा तिकडं, असं सांगितलं.

ते परतले तेव्हा सृष्टी दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होती. नावं येत होती. एक खाली सरकलं की वर दुसरं. येवला. ठाणे. दोघं सिन्नरचे, एकाच गल्लीतले. त्या दुबईच्या माणसानं नाशिकरोडला राहणाऱ्या आईसाठी पेटी मागवली होती. सावळीराम उभ्यानंच ती नावं हलक्या आवाजात वाचत राहिले, कॉलेजात मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी वाचायचे तशी, फक्त या वेळी कुणी काही परत करायचं नव्हतं. काउंटरवर उघडं ठेवलेलं एक पुस्तक इतक्या हातांनी एकदम उचललेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

रविवारभर घरात आणि गच्चीत बी मोजून पाकिटं भरणं चाललं. गच्चीतली बॅग जागा अडवत होती म्हणून यशोदाबाईंनी ती पुन्हा माळ्यावर टाकली, कुणाला न विचारता. सोमवारी अकरा वाजता सृष्टीनं हैदराबादला फोन लावला. पाचच मिनिटं बोलली. बाहेर येऊन म्हणाली की या थंडीपुरतं तरी थांबते, पुढचं पुढे. सावळीरामांनी मान हलवली. एका हिवाळ्याची मुदतही त्यांना फार मोठी वाटली.

पहिल्या दिवशीच्या पेट्या कुरिअरला पोचवायला ते स्वतः गेले. वत्सलाबाईंच्या पेटीवरचा पत्ता त्यांनी हातानं लिहिला होता आणि ती सगळ्यांत वर ठेवली होती. काउंटरवरचा माणूस एकेक पेटी काट्यावर ठेवत, चिठ्ठी चिकटवत होता. पाच-सहा झाल्यावर त्यानं एक पेटी हलवून बघितली, कानाशी नेली, आतलं बी खुळखुळलं, आणि ती बाजूला ठेवली.

पूर्वीचे सावळीराम असते तर दारावरचं कॅलेंडर बघत उभे राहिले असते. आत्ताही नजर तिकडेच गेली. घशाला कोरड पडली होती. तरी ते पुन्हा काउंटरकडे वळले.

“तुमच्या घराला गच्ची आहे का?” त्यांनी विचारलं.