पाटावर एक तास

लग्नाला सात आठवडे उरले असताना सुधाकरने विषय काढला. तोही चहात बिस्किट बुडवत, सहज सुचल्यासारखा.

"वहिनी, तनयाच्या कन्यादानाला मी आणि मयुरा जोडीने बसतो. तुमचा गुडघा हा असा. उगाच दगदग कशाला?"

गुडघा हे निमित्त होतं, हे न कळण्याइतकी वृंदा भोळी नव्हती. विश्वनाथ जाऊन अकरा वर्षं झाली होती. विधवेने लेकीचं कन्यादान करावं का, हा दिराचा खरा प्रश्न. पण शिकलासवरलेला माणूस, तोंडावर तसं बोलायची छाती नाही, म्हणून सगळं बिचाऱ्या गुडघ्यावर ढकललं. दिल्लीतल्याच द्वारकेच्या गुरुजींना तर काहीच अडचण नव्हती. ते म्हणाले होते, "आईच बसू दे की. मात्र तासभर पाटावर मांडी घालून बसावं लागेल, आणि एकदा संकल्प सोडला की विधी संपेपर्यंत पाटावरून उठायचं नाही. जमत नसेल तर खुर्ची ठेवू."

खुर्ची आली की सुधाकरचं म्हणणं खरं ठरलं. ते वृंदाला मरेपर्यंत चाललं नसतं.

"मी बसेन, भाऊजी," ती म्हणाली. "खाली. पाटावर."

बोलून गेली खरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मयूर विहारच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तिने मांडी घालून पाहिली, तर गुडघे जमिनीपासून वीतभर वर, आणि सातव्या मिनिटाला ती कुशीवर कलंडली. एकोणतीस वर्षं सरकारी खुर्चीत काढलेली बाई, घरी सोफा, जेवायला टेबल. खाली बसायची वेळच कधी आली नव्हती.

मग तिने फोनवर योगाचा व्हिडिओ लावला. त्यातली शिक्षिका दर आसनाला हसून सांगायची, "जितना आराम से हो सके, बस उतना ही." वृंदाला वाटलं, हे आळशी लोकांसाठी असणार. आपल्या टेबलावर कधी फाईल अडकून राहिली नाही, गुडघा काय अडकून राहतो! पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी पंचवीस, तिसऱ्या दिवशी चाळीस. दात ओठ खाऊन, श्वास कोंडून. तळपाय एकमेकांना जोडून बसलं की गुडघे खाली जायला हवेत, ते काही केल्या जाईनात. आठव्या दिवशी तिने स्वयंपाकघरातून आट्याच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या आणल्या आणि दोन्ही गुडघ्यांवर एकेक ठेवली.

डाव्या जांघेत काहीतरी तटकन ताणलं गेलं. तिच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की गुरुग्रामच्या ऑफिसला निघालेली तनया एका पायात बूट घालून धावत आली.

"आई! हा आटा कशाला घेऊन बसलीयेस?"

"योगा करतेय."

"यार आई, हा योगा नाहीये, हा गुन्हा आहे!"

दहा दिवस वृंदा भिंतीला धरून चालली. सुधाकरचा फोन आला. "आता तरी ऐका, वहिनी." तिने फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडली. दुखत होतं म्हणून नव्हे. विश्वनाथच्या माघारी या मुलीसाठी तिने केलं नाही असं काही नव्हतं, आणि आता अगदी शेवटच्या कामाला तिचंच शरीर फितूर झालं होतं.

सोसायटीतच निधी नावाची फिजिओथेरपिस्ट राहायची. तिने पाय तपासला, आट्याची हकीकत ऐकून हसू दाबलं आणि म्हणाली, "आंटी, साँस रोककर किया ना? जहाँ बात करना मुश्किल हो जाए, उससे थोड़ा पीछे रहना है. बस." बैठकीखाली घडी घातलेली जाड चादर घ्यायची आणि रोज फक्त चार मिनिटं बसायचं.

चार मिनिटं! वृंदाला तो अपमान वाटला. पण साडेचार आठवडे उरले होते, आणि पुन्हा जांघ दुखावली असती तर सगळंच संपलं असतं. तिने निमूटपणे चादरीची घडी घातली.

बोलून पाहायचं तर कुणाशी तरी बोलायला हवं. म्हणून तिने मांडी घालूनच लग्नाचे फोन करायला सुरुवात केली. केटरर, मांडववाला, फुलवाला. "भैया, श्रीखंड में इलायची कम, समझे?" असं ठणकावून सांगता येतंय तोवर बसायचं, आवाज आवळला की पाय सोडायचे. मनातून आणखी दोन मिनिटं रेटायची भारी हौस यायची. ती हौस गिळणं हाच तिचा खरा व्यायाम होता, आणि तो तिला आसनांपेक्षा कितीतरी जड गेला. चाराची सहा मिनिटं झाली, सहाची नऊ. एकदा बारा झाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातच. आदल्या दिवशीचं भरून काढायचं नाही, हेही ती शिकली. लग्नाच्या आदल्या सकाळी ती सलग पस्तीस मिनिटं बसली.

"तास म्हणालेत ना गुरुजी?" तनयाने काळजीने विचारलं.

"हो. बघू."

लग्नाच्या दिवशी वृंदा हिरवी पैठणी नेसून पाटावर बसली तेव्हा हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. तिने लक्ष दिलं नाही. संकल्प सुटला. समोर तनया आणि नवरदेव चिराग, मध्ये काशाचं पात्र. विधी पुढे सरकत राहिले, आणि चाळीसेक मिनिटं उलटल्यावर डाव्या गुडघ्यात कळ भरली. गुरुजी म्हणत होते ते शब्द तिला त्यांच्यामागून म्हणायचे होते. एक शब्द अर्धाच निघाला. दुसरा निघालाच नाही. आपण श्वास कोंडून धरलाय, हे तिच्या ध्यानात आलं.

आता दात ओठ खाल्ले असते तर कदाचित निभलंही असतं. पूर्वीच्या वृंदाने तेच केलं असतं.

"गुरुजी," ती मोठ्याने म्हणाली, "दोन मिनिटं थांबा."

मागे बसलेला सुधाकर लगबगीने पुढे आला, सोवळं नेसून तयारच होता. "झालं तेवढं पुष्कळ झालं, वहिनी. उठा आता, मी बसतो."

वृंदाने दोन्ही पाय बाजूला लांब केले. भर लग्नात, दीडशे माणसांसमोर. गुडघा हातांनी चोळला. चार श्वास घेतले, सावकाश.

"मी पाय लांब केलेत, भाऊजी," ती म्हणाली. "पाट सोडलेला नाही. बसा तुम्ही."

सुधाकरने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मान हलवली आणि त्याला जागेवर जायची खूण केली.

वृंदाने पुन्हा मांडी घातली आणि अडलेला शब्द पूर्ण म्हटला. विश्वनाथ असता तर लेकीचा हात त्याने धरला असता आणि पाण्याची धार तिने. आज दोन्ही तिलाच करायचं होतं. तिने डाव्या हाताने तनयाचा हात चिरागच्या हातावर ठेवला, उजव्या हाताने कलश उचलला, आणि धार न तुटू देता शेवटच्या थेंबापर्यंत पाणी सोडलं.