कबुलीच्या खालची ओळ

१.

"नारळ कशाला गो बाय?"

"रिकाम्या हातानं जातात काय कुनाच्या दारात?" इंदुबाईने सोललेला नारळ भावाच्या चामडी बॅगेत कोंबला. "दिल्लीत जात असतील. तू रोह्याला चाललास."

पेणच्या रामवाडीतल्या त्या पडवीत बॅगेच्या बकलाशी झटणारा माणूस ब्रिगेडियर के. के. म्हात्रे होता. तीस वर्षं लष्कराच्या न्यायशाखेत, आणि निवृत्तीनंतर दिल्लीत सरकारचा कायदा सल्लागार. बहिणीला मात्र तो काळूच होता, मिठागरात राबणाऱ्या कान्हू म्हात्र्याचा काळू. सहीतले काळुराम आणि कान्हू दोघेही दोन इंग्रजी अक्षरांच्या आड जाऊन बसले, त्याला तीसहून जास्त वर्षं झाली होती.

"मोरू ठाकुराकडंच ना?" इंदुबाई म्हणाली. "खाडीपलीकडचा. ब्लँकेटी चोरल्या म्हनून फौजेतून हाकलला त्यो."

"बारा ब्लँकेटं."

"बरा आकडा पाठ हाय तुला."

२.

पाठ असायला कारण होतं. बॅगेत नारळाखाली दोन झेरॉक्स होत्या. पहिली, मोरूच्या अर्जावरच्या निर्णयाच्या मसुद्याची:

'माजी चालक मोरू ठाकूर यांस १९७४ साली लष्करी न्यायालयाने बडतर्फ केले. आरोपीने गुन्हा स्वखुशीने कबूल केला होता. कबुलीचा अर्थ व परिणाम त्यास समजावून सांगितल्याची नोंद असून तीवर न्यायालयाच्या कायदा अधिकाऱ्याची सही आहे. बडतर्फी रद्द व्हावी म्हणून बावीस वर्षांनंतर केलेला अर्ज फेटाळण्यास हरकत नाही.'

हाताखालच्या अधिकाऱ्याने काम नेटकं केलं होतं. सोमवारी दिल्लीला पोचायचं आणि खाली सही करायची, एवढंच उरलं होतं.

दुसरी झेरॉक्स त्या जुन्या खटल्यातल्या पानाची. वर आरोपीची कबुली. तिच्याखाली छापील ओळ, अर्थ आणि परिणाम समजावल्याची. त्याखाली सही: मेजर के. के. म्हात्रे. ही सही आपल्याच साहेबांची आहे हे हाताखालच्याच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याला तरी काय बोलायचं, पेणच्या खाडीकाठी दगड उचलला तरी खाली म्हात्रे निघतो.

फाइल दुसऱ्या कोणाकडे सोपवली असती तरी नियमात बसलं असतं. पण दुसऱ्यानेही ती छापील ओळ वाचून अर्ज फेटाळलाच असता. ओळ खोटी आहे हे ठाऊक असणारा माणूस सरकारात एकच होता.

३. (हा परिच्छेद मसुद्यात नाही.)

मोरूला खटल्याच्या खोलीत आणलं तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याची टोपी आणि पट्टा काढून घेतलेला होता. लष्करात आरोपी तसाच उभा राहतो. पट्ट्याशिवाय त्याची पँट कमरेवरून घसरत होती. हिंदीत आरोप वाचून झाला.

"कबूल, साहब. गलती हुई," मोरू म्हणाला, आणि थांबला.

त्या थांबण्याचा अर्थ त्या खोलीत फक्त मेजर म्हात्र्याला कळला होता. खाडीकाठच्या त्यांच्या गावांत गावकी बसली की बोलावलेला माणूस आधी नारळ ठेवतो आणि चूक पदरात घेतो. केलेली असो की नसो. जो घेत नाही तो मुजोर ठरतो, त्याचं कोणी ऐकत नाही. चूक घेतली की पंचांतला म्हातारा म्हणतो, "आता बोल." खरी बाजू त्यानंतर मांडायची.

मोरू त्या 'आता बोल'ची वाट पाहत होता.

त्यांच्या बोलीत चार वाक्यं पुरली असती. बाबा रे, ही गावकी नव्हे. इथं कबूल म्हटलंस की संपलं. पण समोर तीन अधिकारी बसले होते. आदल्याच संध्याकाळी त्यांच्यासोबत जेवताना मेजर म्हात्र्याने वडिलांची मोठी शेतीवाडी असल्याचं सांगितलं होतं. तोंडातून बोली निघाली असती तर पाठोपाठ मिठागर निघालं असतं. त्याने ती ओळ इंग्रजीतच भरभर वाचली. "समझे?" मोरूने मान हलवली. सही झाली. खटला अकरा मिनिटांत आटोपला.

४.

हे सगळं त्याने रोह्याच्या एसटीची वाट पाहताना बहिणीला सांगितलं.

"म्हंजे तुला ठाव होता?"

"होतं."

"आनि आता खरं लिहिलंस तर तुझा काय जाईल?"

"पुढच्या महिन्यात एका आयोगावर नाव लागायचंय, ते जाईल. खोट्या दाखल्यावर सही केली म्हटल्यावर आहे ती खुर्चीही जाईल."

"नाय लिहिलंस तर त्याचा काय जाईल?"

"त्याचं गेलेलंच आहे."

इंदुबाईने पदराने तोंड पुसलं. एसटी आली.

"मग नारळ बराबर दिला मी," ती म्हणाली.

५.

रोह्याजवळच्या औषध कंपनीच्या फाटकावर मोरू पहारेकरी होता. केस पांढरे, निळी टोपी, कमरेला रुंद पट्टा. फाटकाशेजारच्या चौकीत एक टेबल, एक खुर्ची.

"मी म्हात्रे. चौऱ्याहत्तर साली..."

मोरू उठला. त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. मग पट्टा सोडून शेजारी ठेवला आणि सरळ उभा राहिला.

"हे कशाला, मोरू?"

"तुमच्या म्होरं असाच हुभा होतो, साहेब. सवय ठेवलेली बरी."

काळुरामने बॅग उघडली. नारळ टोपीशेजारी ठेवला. "माझी चूक झाली," तो म्हणाला, आणि थांबला.

मोरूने नारळाकडे पाहिलं. बाहेर ट्रकने हॉर्न दिला. तो तसाच, टोपी-पट्ट्याशिवाय, बाहेर गेला, फाटक उघडलं, ट्रकचा नंबर लिहिला, फाटक लावलं. परत आला तेव्हा काळुराम होता तिथेच उभा होता.

"आता बोल," मोरू म्हणाला.

काळुराम बोलला. बोली गंजली होती, अडखळत आली. "तू बोलाया थांबला होतास. मना ठाव होता. मी सांगितला नाय."

मोरूने ट्रकच्या नोंदीचं रजिस्टर टेबलावर ठेवलं.

"नाव आयकला होता तुझा," तो म्हणाला. "मना वाटला, मुंबयचा म्हात्रा असंल. आपली बोली येत नसंल. बावीस वरसं घरात हेच सांगत आलो, त्या खोलीत आपला मानूस कोनी नव्हता."

त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. "नोंद करा. फाटकाचा नियम हाय."

काळुरामने लिहिलं.

नाव: काळुराम कान्हू म्हात्रे, पेण.
कोणाकडे: मोरू ठाकूर.
काम: १९७४च्या खटल्यात कबुलीचा अर्थ मी समजावला नव्हता, हे सांगणे.

मोरूने ओळीवरून बोट फिरवत वाचलं. दोनदा.

"दिल्लीला बी हेच जानार?"

"हेच. माझ्या सहीनं. सोमवारी."

"तुला ठेवतील त्ये?"

"नाय."

मोरूने टोपी घातली. पट्टा उचलून कमरेला आवळला, बकल बरोबर मध्ये आणलं. मग एकुलती एक खुर्ची काळुरामपुढे सरकवली.

"बस. आता मी बोलतो. आनि लिहून घे." तो उभाच राहिला. "गाडीत बारा नाय, चाळीस ब्लँकेटी होत्या. माझ्या वरच्या साहेबाच्या हुकमानं भरलेल्या."