पायऱ्यांवरचं हेल्मेट

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसे हे फोटोवाले. त्सुनामीला तीन आठवडे झाले, हामाइवा गावात प्यायच्या पाण्याची बोंब, आणि तोक्योहून आलेल्या हिरोसेला फिरायला गाडी हवी. गावात चालू राहिलेले ट्रक चार. त्यातला एक तोमिएचा. कचेरीतला माणूस कमरेत वाकला म्हणून ती हो म्हणाली. तसंही तिला रोज गाव पालथं घालायचंच होतं. तिचा नवरा तोकुजी अजून सापडायचा होता.

तोकुजी गावच्या अग्निशमन पथकात होता. बिनपगारी पथक. एरवी कोणी मासे धरायचं, कोणी केस कापायचं. धरणी हलली की समुद्राच्या भिंतीतला लोखंडी दरवाजा बंद करायचा, हे तोकुजीचं काम. त्या दिवशी तो ते करायला गेला आणि परत आला नाही. परवा त्याचं हेल्मेट टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्यांवर मिळालं, आत नाव लिहिलेलं. पथकप्रमुख इवाबुचीने शेजारी लाल फडकं बांधलेला बांबू रोवला. वस्तू जिथे सापडली तिथेच ठेवायची, हा तेव्हा गावाने घालून घेतलेला नियम होता. पाणी माणसाला कुठे घेऊन गेलं, ते त्या वस्तूंवरूनच कळायचं. मग गावातलं एकुलतं एक खोदयंत्र पायऱ्यांपाशी आलं. सात माणसांनी दोन दिवस उकरलं. हाती काही लागलं नाही, आणि आज दुपारी यंत्र शेजारच्या गावाला जायचं होतं. त्यांचीही माणसं सापडायची होती.

तोमिए मात्र मनातून थोडी निवली होती. हेल्मेट पायऱ्यांवर, म्हणजे दरवाजा लावून माणूस वर पळाला होता तर. निदान जीव वाचवायला बघितलं होतं त्याने. दोन दिवस ती तिथे भाताचा गोळा आणि चहा ठेवून त्याच्याशी बोलत बसली होती.

"काकू, तुमचा एक फोटो दाखवू?" ट्रकमध्ये बसल्या बसल्या हिरोसे म्हणाला. "रागावू नका हं. या दौऱ्यातला सगळ्यात चांगला आहे."

"विचारून काढलास?"

"लांबून काढला. तुम्ही हात जोडले होते, मध्ये कसं बोलणार?"

"मध्ये बोलवत नाही, पण फोटो काढवतो. शाबास."

तिने ट्रक कडेला घेतला. फोटोत ती पाठमोरी होती, पुढे हेल्मेट, त्यावर सकाळचं ऊन. चांगला होता मेला. तिने बटण दाबलं आणि मागचे फोटो बघायला लागली. हेल्मेट पायऱ्यांवर. हेल्मेट पायऱ्यांवर, जवळून. त्याच्या आधीच्या फोटोत हेल्मेट गटारात, अर्धं चिखलात रुतलेलं, आणि पाठीमागे समुद्राच्या भिंतीचा लोखंडी दरवाजा.

"हे कुठलं?"

"तेच आहे." हिरोसे खुशीत होता. "परवा पहाटे मलाच आधी दिसलं. पण तिथे उजेड नव्हता, आणि खरं सांगू, गटारात पडलेलं बघवेना. म्हणून पुसलं आणि देवळाशी नेऊन ठेवलं. तेवढाच मान."

"पुसलंसपण?"

"रुमालाने."

तोमिएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या चिखलातून हे स्वच्छ कसं राहिलं, याचं ती दोन दिवस नवल करत होती. जन्मभर नेटका राहिला माझा माणूस, असं शेजारणीला सांगूनही झालं होतं.

"मान! अरे गाढवा, पत्ता होता तो! तू उचललास आणि भलत्याच दारात नेऊन टाकलास. सात माणसांचे दोन दिवस मातीत घातलेस. आणि मी? मी तिथे बसून कोणाशी बोलत होते? दगडाशी?"

हिरोसेचा चेहरा उतरला. "मला नियम माहीत नव्हता, काकू. हे सगळे फोटो पुसून टाकतो मी. आत्ता."

"हात तर लावून बघ." तिने कॅमेऱ्याचा पट्टा स्वतःच्या गळ्यात अडकवला. "एवढा एकच खरा फोटो काढलायस, तोही पुसायला निघालास?"

तिने ट्रक असा वळवला की हिरोसेचं डोकं काचेवर आपटलं. तिला बरं वाटलं.

पायऱ्यांपाशी खोदयंत्र मोठ्या ट्रकवर चढवत होते. तोमिएने इवाबुचीच्या नाकासमोर कॅमेरा धरला. त्याने फोटो बघितला, मग हिरोसेकडे बघितलं. यंत्र खाली घ्या म्हणाला.

"तोमिएसान," तो हळूच म्हणाला, "दरवाजापाशी, म्हणजे..."

"म्हणजे पळालाच नाही. कळतंय मला. दरवाजा लागत नसेल तर सोडून यायचं होतं ना! लोखंडापायी मेला मूर्ख माणूस!"

ती ओरडत होती आणि कोणी तिला गप्प केलं नाही.

फोटोत दिसत होती तीच जागा, दरवाजापासून बारा पावलांवर. यंत्राने वरचे वासे बाजूला केले, पुढे सगळ्यांनी हातांनी उकरलं. दोन तासही लागले नाहीत. इवाबुचीने हात वर केला आणि यंत्र बंद झालं. पथकाच्या कोटावर नाव शाबूत होतं, कुमागाई तोकुजी.

सातही जणांनी हेल्मेटं काढली, रांगेत उभे राहिले आणि हात जोडून माना खाली घातल्या. रांगेच्या टोकाला हिरोसे येऊन उभा राहिला. त्यानेही हात जोडले.

तोमिए त्याच्यासमोर गेली. गळ्यातला कॅमेरा काढून तिने त्याच्या पायाशी चिखलात ठेवला.

"तू नको," ती म्हणाली. "तुझे हात परवा कशाला लागले ते कळलंय मला."

हिरोसेने हात खाली घेतले. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. ती वळली आणि गटारात उतरली.