एकच बूट वर आला

नेपल्समधल्या आमच्या अरुंद गल्लीत कधी आलात तर जरा मान वर करा. चौथ्या मजल्याच्या सज्जात, वाळत घातलेल्या चादरींशेजारी दोरीला लटकलेली जी टोपली दिसते ना, ती मी. आयुष्यभर लोक माझ्यात काही ना काही टाकत आले, पण माझं ऐकून कुणी घेतलं नाही. आज तुम्ही ऐका.

नदीकाठच्या ओल्या फोकांपासून मला विणलं आणि नुन्झियाच्या लग्नात तिच्या आईनं मला तिच्याबरोबर पाठवलं. तेव्हा मला फारसं काम नव्हतं. नुन्झियाच्या पायाला भिंगरी! पावाला खाली, मासळीला खाली, आणि संध्याकाळी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे, रोझाल्बाकडे. चर्चच्या पायरीवर बसून दोघी अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायच्या. मी आपली विसरलेलं लिंबू नाहीतर मीठ तेवढं वर आणायची.

मागच्या हिवाळ्यात ओल्या जिन्यावर नुन्झिया घसरली. गुडघा सुजला. मग काय, माझी चंगळच झाली! सज्जातून मला खाली सोडायचा अवकाश, की कुणी पाव ठेवी, कुणी औषधं, कुणी टोमॅटोच्या रश्श्याचं गरम भांडं. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधली ऑलिव्हची डहाळीसुद्धा माझ्यातूनच वर गेली. गल्लीची माया हो ती! गुडघा केव्हाच बरा झाला, पण खाली उतरायला कारणच उरलं नाही.

दोरीतून मला तिची ताकद ओसरलेली कळायला लागली. पूर्वी ती मला बटाट्यांसकट झपझप ओढायची. आता दोन पाव ओढतानाही तिला दम लागायचा. खाटेवरून सज्जात यायचं तर भिंत धरून. झोप नाही, भूक नाही, चिडचिड मात्र भरपूर. रोझाल्बाचं हृदय अधू, तिला चार मजले चढणं शक्य नव्हतं. दोघी एकाच गल्लीत राहून फोनवर बोलायच्या. "येते गं उद्या," नुन्झिया रोज म्हणायची.

शेवटी डॉक्टर आले. "नुन्झियाबाई, गुडघा ठणठणीत आहे. चालणं सोडलंत म्हणून मांड्या वाळल्या, म्हणून दम लागतो, म्हणून झोप उडाली. असंच बसलात तर हा जिना तुम्हाला कायमचा बंद होईल."

"चार मजले चढायला लावले म्हणून राग काढतोस होय रे?" नुन्झिया फणकारली.

पण ते गेल्यावर ती माझी दोरी धरून रडली. "रोझाल्बा आता मला फोनवरच भेटणार," म्हणाली. मलाही फार वाईट वाटलं.

मे महिन्यात आमच्या संताची मिरवणूक असते. मिरवणूक सज्जातून बघायची झाली तरी पायात बूट हवेत, असा तिचा हट्ट. बुटांना नवे तळवे लावून घ्यायला तिनं मला खाली सोडलं. गल्लीतला चांभार सबातिनो यानं बूट घेतले. दुसऱ्या दिवशी मी वर आले, तर माझ्यात एकच बूट!

"मेल्या, दुसरा कुठाय?"

"माझ्याकडे, मावशी! चकचकीत केलाय. येऊन घेऊन जा!"

"टाक टोपलीत!"

"टोपलीला पाय आहेत का? मी बूट पायांना देतो!"

"तुझ्या दुकानाला टाळं लागो!"

"लागो की! पण ते बघायला तरी खाली ये!"

सगळे सज्जे हसायला लागले. नुन्झियाचा चेहरा लालबुंद झाला. दुसऱ्या दिवशी तिनं एका पायात बूट, एका पायात सपात चढवली आणि दार उघडलं. मला जिना दिसत नाही, आवाज तेवढा येतो. टक्, फट्. टक्, फट्. आवाज तिसऱ्या मजल्यावर थांबला. शेजारणींनी प्रत्येक मजल्यावर खुर्ची मांडून ठेवली होती. ती धापा टाकत परत आली, सबातिनोला भरपूर शिव्या दिल्या आणि त्या दिवशी पोटभर जेवली. मग रोज थोडं आणखी खाली. मधे दोन दिवस पाय इतके दुखले की मला वाटलं, सोडलं हिनं. पण नाही.

मिरवणुकीच्या सकाळी मी वरून पाहिलं, खालच्या दारातून नुन्झिया बाहेर आली. सबातिनोच्या दुकानाबाहेर स्टुलावर रोझाल्बा बसली होती. मांडीवर तो बूट.

"इतका उशीर, ताई?" म्हणाली आणि हुंदका आवरेना तिला.

"म्हणजे हे तुझं कारस्थान होय गं, भवाने?"

"माझंच! मला वर येता येईना, मग तुला खाली कशी आणू?"

रोझाल्बानं खाली वाकून स्वतःच्या हातानं तो बूट तिच्या पायात घातला. मग एकमेकींचा हात धरून, थांबत थांबत, दोघी चर्चच्या पायरीकडे गेल्या.

आता मला कुणी खाली सोडत नाही, माझ्यात कांदे असतात. तुमच्याही घरात कुणी म्हातारं माणूस असेल. त्यांना सगळं हातात नेऊन देता ना? मायेनंच देता, मला ठाऊक आहे. पण थोडं त्यांचं त्यांना उठून आणू द्या, आणि जमलं तर बरोबर चाला.

परवा नुन्झिया स्वतः पाव घेऊन जिना चढून आली. घामाघूम, पण खुशीत. माझ्यावरची धूळ पुसत म्हणाली, "खूप केलंस गं माझं. आता तू आराम कर."

करते की, बाई. मला आराम चालतो. मी टोपली आहे.