टोपी विसरण्याची तालीम

"टोपी शे दांडीवर? मंग हात लावू नका. आभाय पडो नाहीतर मालक येवो, टोपी शे तं दांडी मनी."

ही हाक एकतीस वर्षांपूर्वीची. धुळ्याच्या त्या जिनिंग फॅक्टरीत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी नुसत्या 'जिन'मध्ये, कापसातून सरकी वेगळी करणारे चोवीस चरखे एका रांगेत घरघरायचे. त्या घरघरीवरून खाजा फिटरचा आवाज पाखरासारखा उडत यायचा. चरखा अडला की खाजा लाकडी दांडी ओढून पट्टा सोडवायचा, डोक्यावरची विणलेली पांढरी टोपी दांडीवर टांगायचा आणि मगच आत हात घालायचा. टोपी टांगलेली म्हणजे आत माणसाचा हात आहे, दांडी मागं ढकलून चरखा सुरू करायचा नाही. ज्याची टोपी, त्यानंच ती काढायची. जिनमध्ये हजेरी चुकायची, वजन चुकायचं, पण हा कायदा कोणी मोडत नसे.

झुंबरबाई तेव्हा सात नंबरच्या चरख्यावर कापूस घालायची. आता अडुसष्टची झाली, आणि गेल्या दिवाळीपासून पुन्हा त्याच सात नंबरसमोर बसते. फरक एवढाच की चरखा चालत नाही.

जिन बंद पडून पंचवीस वर्षं झाली. अर्ध्या आवारात 'रुई रेसिडेन्सी' नावाचे तीन टॉवर उभे राहिले. उरलेल्या अर्ध्यात जुनं धुराडं, पडका शेड आणि गंजलेले चरखे तसेच ठेवले, कारण बिल्डरनं जाहिरातीत 'चालत्या जिनचा देखावा' छापून टाकला होता. छापलं ते दाखवायला हवं. म्हणून त्यानं जुने कामगार हुडकून आणले. रोज दहा ते पाच त्यांनी जिनमध्ये काम करत असल्याचं दिसायचं.

कापूस खरा आणला होता, तर सी विंगमध्ये शिंका सुरू झाल्या. मग गादीवाल्याकडून नायलॉनचा भुगा आला. बाया तो दिवसभर निवडायच्या, त्यातला पाला काढायच्या. पाच वाजता बिल्डरकडची मयुरी पोत्यातून तोच पाला पुन्हा वर भुरभुरवायची, उद्यासाठी. पडकी भिंत पडकीच राहावी म्हणून सोनगीरचा वना गवंडी पगारावर ठेवला होता. एकदा वरची वीट निसटली तर रहिवाशांच्या ग्रुपवर सतरा तक्रारी आल्या. वनानं शिडी लावून ती वीट पुन्हा पडायच्या बेतात बसवली.

"बुधवारी सात नंबरच्या मावशी अर्धा तास नुसत्या बसून होत्या," सहाव्या मजल्यावरच्या पियुष सरांनी ग्रुपवर लिहिलं होतं. "आम्ही बाल्कनीत पाहुणे घेऊन उभे."

झुंबरबाई हसली होती. "मालक एक व्हता तवय बरं व्हतं व माय. आते दर मजलाले एक."

कामाच्या नादात ती जुनी ओवी गुणगुणायची.

रुई गयी दूर देश, गाठोडं बांधीसन,
सरकी राहिनी जिनमा, माय माय म्हनीसन.

खाजाही होताच. उजव्या हाताची दोन बोटं सात नंबरनं नेली होती, पण उरलेल्या तिनांत पाना धरून तो बंद चरख्यांची दुरुस्ती करायचा. एक बोल्ट सोडवायचा, पुसायचा, पुन्हा आवळायचा. आणि मग तीन वेळा मागं वळून बघायचा, आवळला ना.

ही खोड त्या अपघातानंतरची. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, 'फिटर खाजा याने टोपी न टांगता हात घातला. चूक त्याचीच.' तो कागद आता काचेत बसवून ए विंगच्या लिफ्टपाशी लावला होता, फोटोंच्या रांगेत. चौकशीत टोपी सापडली होती त्याच्याच डब्याच्या पिशवीत. तेव्हापासून खाजाचा स्वतःवरचा भरवसा उठला. फिटरकी सोडून त्यानं लोकांच्या वखारी राखल्या. घराला कुलूप लावलं की गल्लीच्या तोंडापासून परत यायचा, ओढून बघायचा. बायको हसीनाबी म्हणायची, "इनका भरोसा मत करो, ये तो अपनी टोपी भूल गए थे." लेक कहकशाच्या लग्नात तर त्यानं अंगठीची डबी दुसऱ्याच्या खिशात ठेवायला दिली. आपण विसरणारा माणूस.

आणि झुंबरबाईला ठाऊक होतं की त्या दिवशी टोपी दांडीवर टांगलेली होती. तिला त्याहूनही जास्त ठाऊक होतं. चौकशीच्या साहेबानं विचारलं, "बाई, टोपी पाहिली का?" तेव्हा ती म्हणाली होती, "दखी नही." दोन शब्दांची गाठ होती, ती एकतीस वर्षं सुटली नाही. दर ईदेला हसीनाबी शिरखुर्म्याचा डबा पाठवायची. झुंबरबाई तो घरात सगळ्यांना वाटायची आणि स्वतः न खाताच वाटी धुवून ठेवायची. सांगितलं असतं तर डबा थांबला असता. डब्याचं काय, 'खाजाभाऊ' म्हणायचा हक्कच गेला असता.

सोसायटीला वर्ष होत आलं तशी मयुरीनं बातमी आणली. वर्धापनदिनी जिनच्या इतिहासातला एक खरा प्रसंग करून दाखवायचा. रहिवाशांनी मतदान केलं होतं: उद्घाटन, संप की अपघात. अपघात भरघोस मतांनी निवडून आला.

"आवडला तर मग दर रविवारी ठेवू," मयुरी म्हणाली. "चाचा, तुम्हाला वाईट वाटणार असेल तर दुसरा माणूस बघते."

"दुसरा कसाले?" खाजा म्हणाला. "चूक मनी शे. मीच करसू. दुसराले तशी जमनार नही."

झुंबरबाईनं त्याला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "नही म्हन ना, खाजाभाऊ. दर रईवारले सोतानी अब्रू काढस का कोनी?"

"लिफ्टपान रोज निंघतीच शे," तो हसला. "बठ्ठा वाचतंस. लहान पोरं बी."

तालमीला तिन्ही टॉवरच्या बाल्कन्या भरल्या. खालच्या चौकात खुर्च्या, स्पीकर. मयुरीनं कागद हातात घेतला. सगळं सोपं होतं: खाजानं दांडी ओढायची, टोपी, पिशवीतली लांबून दिसणार नाही म्हणून, डोक्यावर तशीच ठेवायची, चरख्यात हात घालायचा आणि किंचाळायचं. मग स्पीकरवरून चौकशीचा कागद वाचला जाणार.

खाजानं दांडी ओढली. हात डोक्याकडे गेला, टोपी निघाली, दांडीवर टांगली गेली. मग तो खाली वाकला.

"चाचा, टोपी नाही टांगायची," मयुरी म्हणाली. "विसरायचं आहे."

"हा, हा. भुलनू."

दुसऱ्यांदा त्यानं ओठ घट्ट मिटले, दांडी ओढली, आणि हातानं टोपी टांगली. तिसऱ्यांदा त्यानं डावा हात उजव्यानं धरून ठेवला. तिसऱ्याच क्षणी दोन्ही हात मिळून टोपीकडे गेले. बाल्कनीत कोणी तरी टाळी वाजवली, कोणी तरी हुर्यो केली.

"अहो, रिपोर्टमध्ये असं नाहीये," पियुष सर वरून म्हणाले. "इतिहास बदलू नका."

मयुरीनं टोपीच काढून घेतली आणि आपल्या पर्समध्ये ठेवली. खाजानं दांडी ओढली, खिशातला रुमाल काढला, दांडीवर टांगला. रुमाल घेतला तर गळ्यातला पंचा. पंचा घेतला तर तो नुसताच उभा राहिला, रिकामा तळवा दांडीवर ठेवून, जणू आत दुसऱ्याच कोणाचा हात आहे.

"चाचा, एक साधी गोष्ट विसरायचीये हो," मयुरी आता रडकुंडीला आली होती. "तेव्हा जमलं होतं ना तुम्हाला?"

बाल्कन्यांत हशा पिकला. खाजा हसला नाही. त्यानं आपल्या तीन बोटांकडे पाहिलं आणि चौकात कोणालाच न विचारल्यासारखं विचारलं, "इतला दिन गयात, तरी हाथ भुलत नही. मंग त्या दिनले कसा भुलना व्हई?"

 वना शिडीवरून खाली बघत राहिला. नायलॉनच्या ढिगातून झुंबरबाई उठली, गुडघ्यांना धरत, पदराला चिकटलेला पाला तसाच घेऊन. सात नंबरपाशी येऊन ती खाजाच्या समोर उभी राहिली.

"मावशी, तुमची एन्ट्री नाहीये इथं," मयुरी म्हणाली.

झुंबरबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

"तू भुलना नव्हता, खाजाभाऊ. टोपी तू टांगेल व्हती. मी काढी. तिनी कोर उसवायेल व्हती, तू चरखामा वाकेल शे तवलोंग दोन टाका मारसू नि परत टांगी दिसू, आसं मना मनमा उनं. सुईमा दोरा बी टाकेल नव्हता, तवय शेजारना चरखावरला उखर्डूनी दांडी मोकयी दखी नि परत ढकली. त्यानं काय चुकनं? दांडीवर टोपी नव्हती. तुनी किंकाळी आयकीसन मी भ्यायनू, आनि ती टोपी तुना डबानी पिशवीमा घाली दिधी. मीच."